करडीगुड्ड्यावरची पंचमी

यरेगोप्पात हुलिगेव्वाला हळू बोलताना कुणी ऐकलेलं नाही. ती शेजारणीकडं मीठ मागते तेव्हा ते पलीकडच्या गल्लीत कळतं. तिच्या नवऱ्याला, ईरण्णाला, कुणी विचारलं की बायको घरात आहे का, तर तो नुसता कान टवकारतो आणि म्हणतो, "नाही. आवाज नाही, म्हणजे नाही."

यात तिचा काही दोष नाही. ती हिरेबंडीची. त्या गावात एक माणूस या खडकावर उभा असतो, ज्याच्याशी बोलायचं तो त्या खडकावर, आणि मधे शेरडं. तिथं हळू बोलून भागत नाही. हिरेबंडीत मातीपेक्षा दगड जास्त. भिंती दगडाच्या, कुंपणं दगडाची, आणि गावाच्या पाठीशी मावळतीला करडीगुड्डा, अस्वलांचा डोंगर. कुणी गाडीभर बटाटे ओतून निघून जावं तसे हत्तीएवढाले धोंडे एकावर एक पडलेले. हुलिगेव्वाचं सगळं लहानपण त्या धोंड्यांवर गेलं. शेरडं राखायचं निमित्त. खरं म्हणजे शेरडंच तिला राखायची, इतकी ती कुठंकुठं चढून बसायची. कुठल्या खडकाखाली दुपारची सावली मिळते, कुठल्या कपारीत मधाचं पोळं असतं, घसरगुंडीला कुठला दगड चांगला, हे तिला परकराच्या वयापासून ठाऊक होतं. मोठ्या खडकांना तिनं नावंही ठेवली होती आणि ती नावं अख्खं गाव वापरायचं.

मग लग्न झालं. तेही साट्यालोट्याचं. हुलिगेव्वा यरेगोप्पाच्या ईरण्णाला दिली आणि ईरण्णाची बहीण फकीरव्वा हुलिगेव्वाच्या भावाला, कळकप्पाला केली. एकाच मांडवात दोन्ही लग्नं. एक मुलगी डोंगराखालून सपाटीवर गेली, दुसरी सपाटीवरून डोंगराखाली आली. दोघी एकमेकींच्या नणंदाही झाल्या आणि भावजयाही. काय म्हणून हाक मारायची याचा घोळ वर्षभर चालला. शेवटी दोघी एकमेकींना "वहिनी" म्हणू लागल्या आणि तेच राहिलं.

यरेगोप्पात काळी माती. नजर पोचेल तिथपर्यंत ज्वारी, हरभरा, करडई, आणि त्यापलीकडंही तेच. नवी नवरी हुलिगेव्वा आठवडाभर गप्प होती, तिच्या आयुष्यात तेवढीच. आठव्या दिवशी तिनं सासूला विचारलं, "अत्ते, इथं टाचा घासायला दगड कुठं मिळेल?"

सासू पोट धरून हसली. "अगं, आमच्याकडं दगड पाहुणा येतो! पाटा-वरवंटासुद्धा तुमच्याकडून आणलेला."

पहिल्या पावसात हुलिगेव्वा शेतात गेली आणि मधोमध अडकून उभी राहिली. पायाला चिखलाचे गोळे लागून पाय उखळाएवढे झालेले. तेव्हा बांधावरून सासूनं ओरडून शिकवलं, "थांबू नको गं! थांबलीस की माती धरते. उचल पाय, उचल पाय!" हुलिगेव्वा शिकली. काळ्या मातीत ती रमली, तीन पोरं वाढवली, कडक भाकऱ्या करून गदगच्या बाजारात विकायला लागली. ज्वारीच्या, बाजरीच्या, तीळ लावलेल्या. मोडताना तिच्या भाकरीसारखा आवाज दुसऱ्या कुणाच्या भाकरीचा येत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. सगळं चांगलं झालं. फक्त अधूनमधून तिचे पाय शिवशिवायचे. मग ती शिडी लावून माळवदावर चढायची, उगाच, आणि उगवतीकडं बघत बसायची.

वर्षातून एकदा, नागपंचमीला, ती माहेरी यायची. पंचमीला आमच्याकडं लेकीबाळी माहेरी येतात, मग ती सोळाची असो की साठीची. पण साट्यालोट्याची गंमत अशी, की हुलिगेव्वा हिरेबंडीला निघायची त्याच दिवशी फकीरव्वा यरेगोप्पाला निघायची. दोघींची गाठ पडायची कुकनूरच्या बसस्टँडवर, चहा निवेपर्यंत.

"वहिनी, पीठ मोठ्या डब्यात आहे. खिडकी लावा, मांजर येतं," हुलिगेव्वा सांगायची.

"बरं. तुमच्या भावाला दही देऊ नका, खोकला आहे. मागेल, पण देऊ नका."

"आमच्याकडच्याला काहीही द्या, फक्त मोबाईल देऊ नका."

एवढं बोलायचं आणि आपापली बस धरायची. लग्नाकार्यात भेट व्हायची तीही पंक्ती वाढताना. अशी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. दोघींनी एकमेकींची घरं सांभाळली, एकमेकींच्या चुलीवर रांधलं, पण निवांत एका जागी बसल्या असं कधी झालंच नाही. आणि खरं सांगायचं तर हुलिगेव्वाच्या मनात फकीरव्वाबद्दल एक बारीक काटा होता. आपला डोंगर या बाईला मिळाला. आपण इथं माळवदावर, आणि ही तिकडं रोज सकाळी दार उघडून समोर करडीगुड्डा बघते. काही न करता.

यंदा कळकप्पाची म्हैस पंचमीच्या तोंडावर व्याली. म्हैस अशी नखरेल, की फकीरव्वाशिवाय दुसऱ्या कुणाला आचळाला हात लावू देत नाही. फकीरव्वानं माहेरी कळवलं, मी काही येत नाही. त्यामुळं हुलिगेव्वा बसमधून उतरली तेव्हा दारात कळकप्पाच्या शेजारी वहिनीही उभी होती. हातात खरवसाची ताटली.

"बघा," कळकप्पा म्हणाला, "म्हशीनं घडवून आणलं."

पंचमीच्या सकाळी दोघींनी वारुळाला दूध घातलं. हा अप्पांचा वाटा, हा अव्वाचा वाटा, हा भावाचा वाटा, असं म्हणत एकेक चमचा. "भावाचा वाटा" दोघींनी एकदमच म्हटलं आणि दोघींना हसू आलं. मग चिंचेच्या झाडाखाली बायकांची गर्दी झाली. झोपाळा बांधलेला होता. रस्त्यावर पुरुषांच्या पैजा चालल्या होत्या, लिंबू कुठवर फेकतो, डोळे बांधून विहिरीपर्यंत कोण जातो. कळकप्पा प्रत्येक पैजेत होता आणि प्रत्येक पैज हरत होता.

हुलिगेव्वा आणि फकीरव्वा समोरासमोर उभ्या राहून झोपाळ्यावर चढल्या. पोरींनी दोर ओढला. झोपाळा उंच गेला तसा हुलिगेव्वाला घरांच्या वरून डोंगराचा माथा दिसला. ती ओरडली, "वहिनी! वरच्या टाक्यात पाणी भरलं असेल ना आता?"

"कुठल्या टाक्यात?"

"अहो, डोंगरावरच्या! बसवण्णाजवळच्या!"

"मला काय माहीत?" फकीरव्वा दोर घट्ट धरून म्हणाली. "मी कुठं गेलेय वर?"

हुलिगेव्वानं पाय टेकवून झोपाळा थांबवला. इतका अचानक, की फकीरव्वा तिच्या अंगावरच आली.

"कधीच नाही?"

"कधी जाणार? सासू होती तोवर सासू, मग पोरं, मग गुरं. आणि पंचमीला कधी बायका वर गेल्याच, तर तेव्हा मी तुमच्या घरी भाकऱ्या भाजत असते."

जिचा हुलिगेव्वानं इतकी वर्षं हेवा केला, ती बाई डोंगराच्या पायथ्याशी राहून एकदाही वर गेली नव्हती. ती झोपाळ्यावरून खाली उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? वर."

कळकप्पाला कळलं तेव्हा तो खो खो हसला. "दोघींचे मिळून चार गुडघे, त्यातला एक धड नाही! त्या पाट्याच्या कातळापर्यंत जाल आणि परत याल. पैज लावतो. वर पोचलात तर उद्या सकाळी शेण मी काढतो आणि चहापण मीच करतो."

"म्हशीचं दूध काढायची वेळ झाली तर?" फकीरव्वानं विचारलं.

"तुझं लुगडं नेसतो आणि बसतो. म्हशीला काय कळतंय!"

फकीरव्वानं खरवसाचा डबा फडक्यात बांधला. हुलिगेव्वानं ओटीत शेंगदाण्याचे लाडू भरले, मूठमूठ, जागा संपेपर्यंत. चपला चिंचेखाली काढून ठेवल्या आणि दोघी निघाल्या.

सुरुवातीची वाट सोपी होती. सीताफळीची झुडपं, मधे मधे गुळगुळीत खडक. आदल्या रात्री शिंतोडा पडून गेला होता, पण उन्हानं दगड वाळून कोमट झालेले. हुलिगेव्वाच्या तळपायांना तो कोमटपणा लागला आणि तिला एकदम गायला आलं. ती मोठ्यानं पंचमीचं गाणं म्हणू लागली.

"वहिनी, हळू," फकीरव्वा म्हणाली. "अस्वलं आहेत म्हणतात."

"म्हणून तर म्हणतेय. आवाज ऐकला की ती जवळ येत नाहीत."

"तुमचा आवाज ऐकून ती कुष्टगीच्या पुढं गेली असतील."

पाटा आला. हा एकसंध उघडा कातळ, छपरासारखा उतरता. धरायला काही नाही. फकीरव्वा त्याच्या मध्यापर्यंत गेली, एकदा मागं वळून खाली बघितलं आणि चारही हातापायांवर बसली.

"बोटांवर जाऊ नका," हुलिगेव्वा वरून म्हणाली. "पूर्ण पाऊल टेकवा. दगडाला पाय द्या, तो सोडत नाही."

"मी चिखलातली बाई आहे वहिनी! दगड मला ओळखत नाही!"

"मीही तुमच्या चिखलात अशीच उभी राहिले होते. तुमच्या अव्वानं काय सांगितलं होतं मला? थांबू नको, थांबलीस की धरते. उचल पाय!"

आईचं नाव निघालं तशी फकीरव्वानं डोळे मिटले, पाऊल उचललं आणि पूर्ण टेकवलं. मग दुसरं. वर पोचल्यावर तिनं डोळे उघडले आणि आपल्याच तळपायांकडं असं बघितलं, जसं काही ते आजच दुकानातून आणलेत.

पाट्यानंतर नेढं. दोन उभ्या धोंड्यांच्या मधली चीर. हिरेबंडीच्या पोरांना तिथून पळत जायची सवय. लांबून काट्याकुट्यातून दुसरी वाट होती, पण हुलिगेव्वाला ती वाट म्हणजे कमीपणा वाटला. फकीरव्वा काडीसारखी, ती आडवी होऊन सरळ पलीकडं गेली. हुलिगेव्वा मागून शिरली. खांदा गेला, छाती गेली, आणि मग ती थांबली.

"या की," फकीरव्वा म्हणाली.

"येते."

"मग या."

"दगड वाढलेत इथले," हुलिगेव्वा म्हणाली.

फकीरव्वानं तिचा हात धरून ओढलं. काही हललं नाही. तिनं एक पाय खडकाला लावून ओढलं. हुलिगेव्वाच्या बांगड्या वाजल्या, एवढंच. तेवढ्यात एक शेरडू कुठून तरी आलं, दोघींकडं बघत उभं राहिलं आणि "ब्यें" करून निघून गेलं. फकीरव्वाला हसू फुटलं. तिला हसताना बघून हुलिगेव्वालाही फुटलं. आणि हुलिगेव्वा हसली की नुसती तोंडानं हसत नाही.

"हसू नका! हसू नका, पोट आणखी फुगतंय!"

"तुम्ही आधी थांबा!"

"अगं, मला थांबता येत नाहीये!"

"अगं, मग मी तरी काय करू!"

अहोजाहो कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसून झाल्यावर फकीरव्वानं वाकून नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, तू नाही अडकलीस. लाडू अडकलेत."

खरंच होतं. इरकली लुगड्याच्या ओटीत शेंगदाण्याचा एक आख्खा डोंगर दगडाला टेकला होता. मग त्या चिरेतूनच हुलिगेव्वानं ओटीत कसाबसा हात घातला आणि एकेक लाडू पुढं दिला. फकीरव्वानं ते पदरात घेतले. काहींचा चुरा झाला होता. तो दोघींनी तिथंच उभ्याउभ्या खाल्ला. ओटी रिकामी झाली तशी हुलिगेव्वानं सगळा श्वास सोडला, फकीरव्वानं ओढलं, आणि ती बाहेर आली ती थेट वहिनीला घेऊन खाली बसली.

"कळकप्पाला सांगू नको," हुलिगेव्वा म्हणाली.

"छे. फक्त त्यालाच सांगणार."

माथ्यावर वारा होता. टाकं काठोकाठ भरलेलं, पाण्यावर ढग. शेजारी दगडी बसवण्णा, म्हणजे नंदी, शेकडो वर्षांच्या हातांनी नाक गुळगुळीत झालेला. हुलिगेव्वानं त्याला तसाच, भावासारखा, पाठीवर थोपटलं. तिला भरून आलं होतं, पण रडू नव्हे. पायापासून वर चढत येणारं काहीतरी. तिनं टाक्यात पाय सोडले आणि पोरीसारखं पाणी उडवलं. "बसवण्णा, म्हातारा झालास की रे!" ती ओरडली. समोरच्या धोंड्यांवरून आवाज परत आला.

फकीरव्वा मात्र पाण्याकडं बघतच नव्हती. ती मावळतीच्या कडेला जाऊन उभी होती. त्या बाजूला करडीगुड्डा संपतो, मग धोंडे लहान होत जातात, मग विरळ होतात, आणि मग एका रेषेनंतर जमीन काळी आणि सपाट होते. फार लांब पवनचक्क्यांची पांढरी रांग.

"वहिनी," ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. "ते काय आहे?"

हुलिगेव्वा ओल्या पायांनी येऊन शेजारी उभी राहिली. "ते? तुझं गाव. म्हणजे गाव दिसत नाही, पण तिथंच. पवनचक्क्यांच्या डाव्या हाताला तो काळसर पट्टा आहे ना, तोच. माळवदावरून मला त्याच पवनचक्क्या दिसतात, उलट्या बाजूनं."

फकीरव्वा खाली बसली. मग म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून मी माहेराकडं बघायची. मधे हा डोंगर. दिवस तिकडं मावळायचा, तोही याच्या आड. मला वाटायचं, एवढं उघडं जग सोडून मला कुठल्या भिंतीमागं आणून ठेवलंय. शिव्या दिल्यात मी याला वहिनी. इतक्या शिव्या दिल्यात." तिनं शेजारच्या कातळावर हात ठेवला. "आणि हा वरून दाखवायला तयार होता."

हुलिगेव्वाला आपला तो बारीक काटा आठवला. तिनं खरवसाचा डबा उघडला. दोघींनी एकाच डब्यातून बोटांनी खाल्लं.

मग फकीरव्वानं ब्लाऊजमधून बटणांचा फोन काढला आणि भावाला लावला. वर रेंज छान होती.

"ईरण्णा! मी तुला बघतेय!"

"मला?" पलीकडून घाबरा आवाज आला. "अक्का, मी उघडाबंब बसलोय."

"मग अंगात शर्ट घाल! मी करडीगुड्ड्यावर आहे. आपलं गाव दिसतंय. माळवदावर जा, जा लवकर!"

शिडीचा आवाज, धापा, कोंबड्यांचा कलकलाट. "आलो. टॉवेल हलवतोय. दिसला का?"

"दिसला की! पिवळा आहे!"

"अक्का, लाल आहे."

"उन्हात पिवळा दिसतो रे. हलव, आणखी हलव!"

हुलिगेव्वानं तोंडात पदर कोंबला. तिला माहीत होतं की इथून गावच दिसत नाही, टॉवेल कुठला दिसायचा. पण फकीरव्वा उभी राहून दोन्ही हात उंच करून हलवत होती, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघितल्यावर हुलिगेव्वालाही हात वर करावासा वाटला. तिनं केला. दोघी त्या काळ्या पट्ट्याकडं बघून हात हलवत राहिल्या.

"माझी बायको कुठंय?" फोनमधून ईरण्णानं विचारलं.

"इथंच आहे. नेढ्यात अडकली होती, काढली बाहेर."

"कशाला काढली?" तो म्हणाला. पण हुलिगेव्वानं फोन हिसकावून जे उत्तर दिलं ते, ईरण्णा अजून सांगतो, फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

उतरताना त्या सगळा पाटा बसूनच उतरल्या. लुगड्यांची वाट लागली, पण घसरायचा मोह कुणालाच आवरला नाही. फकीरव्वा तर एकदा अर्ध्यातून परत वर गेली, पुन्हा घसरण्यासाठी. दिवस कलला तेव्हा चिंचेखाली अख्खं गाव जमलेलं होतं, आणि कळकप्पा खरोखरच बायकोचं लुगडं गुंडाळून, अंगभर दूध सांडलेला, गोठ्याच्या दारात उभा होता. म्हशीला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेण त्यानंच काढलं. चहात साखर दोनदा पडली होती, पण दोघींनी तो मागून मागून प्याला. त्यांना पलंगावरून उठताच येत नव्हतं, त्यामुळं पैज जिंकल्याचा फायदा पुरेपूर झाला. हुलिगेव्वा दोन दिवस जास्त राहिली. त्या दोन दिवसांत दोघींनी चाळीस वर्षांच्या चहाचं बोलून घेतलं: सासवा, बाळंतपणं, ईरण्णाचं घोरणं, कळकप्पाच्या पैजा. पुढच्या वर्षी दोघींनी मिळून पंचमीला यरेगोप्पात राहायचं ठरलं, आणि म्हशीला आधी विचारायचं, असं कळकप्पानं त्यात घातलं.

निघायच्या दिवशी फकीरव्वा काठी टेकत बसस्टॉपपर्यंत पोचवायला आली. बस थांबली. हुलिगेव्वानं पायरीवर पाय ठेवायचा प्रयत्न केला, पण मांडी वर येईना. खालून फकीरव्वानं ढकललं, वरून दोन बायकांनी ओढलं, आणि दोघींना पुन्हा हसू फुटलं, असं की कंडक्टर शिट्टी तोंडात धरून बघत राहिला.

"काय झालं अव्वा? पडलात का दोघी?"

"नाही रे," हुलिगेव्वा दांडा धरून म्हणाली, अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात. "चढलो!"

कंडक्टरला काही कळलं नाही. त्यानं शिट्टी वाजवली. हुलिगेव्वा खिडकीशी बसली, डोकं बाहेर काढलं आणि वळणापर्यंत वहिनीला ओरडून सांगत राहिली, की पायाला गरम तेल लाव, आणि सोमवारी पुन्हा वर जा, एकटी गेलीस तरी चालेल, पण गात जा.